सोंग आणि सूर (भाग ९) : प्रोफेसरची डबलबारी

मागच्या आठवड्यात बहुरूप्यांविषयी लिहिताना एक प्रश्न तसाच राहिला होता. सोंग वठवणे ही एक गोष्ट झाली, त्या सोंगावर वर्षानुवर्षे पोट भरणे ही दुसरी. वेश पाहून लोक पहिल्यांदा खदखदून हसतात, दुसऱ्यांदा ओळखीचे हसतात आणि तिसऱ्यांदा मोबाइलमध्ये डोके घालतात. मग नुसत्या विनोदी सोंगावर कुणाची कारकीर्द उभी राहते ती कशाच्या जोरावर? याच्या उत्तरासाठी थोडे लांबचे उदाहरण घेऊ. इंग्लंडमधल्या ब्रायटनचा पॉल अल्बरो डोक्यावर सोला टोपी घालतो, मिशीला पीळ देतो आणि ‘प्रोफेसर एलिमेंटल’ या नावाने रॅप करतो. हा प्रोफेसर व्हिक्टोरिया राणीच्या काळातला विक्षिप्त संशोधक आहे, जेफ्री नावाचे एक वानर त्याचा खानसामा आहे आणि त्याची यंत्रे सहसा बिघडलेली असतात. एका व्हिडिओपुरता हा विनोद पुरला असता. प्रत्यक्षात तो दशकाहून अधिक काळ चालला, त्यावर एकामागून एक अल्बम निघाले, अमेरिकेचे दौरे झाले. याचे श्रेय सहसा वेशाला दिले जाते. मला ते पटत नाही. वेशाने त्याला प्रेक्षक मिळवून दिले, पण कारकीर्द दिली ती समोर उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्ध्याने. ही गोष्ट लंडनच्या समीक्षकापेक्षा कल्याण-डोंबिवलीतल्या एखाद्या भजनवेड्या कोकणी माणसाला लवकर उमजेल.

आधी वेशाचा हिशेब. ‘स्टीमपंक’ हा शब्द के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकी लेखकाने १९८७ मध्ये वापरात आणला. वीज आणि संगणक यांऐवजी वाफ, पितळ आणि दातेरी चाके यांवरच जग पुढे गेले असते तर काय झाले असते, या कल्पनेवरचे हे साहित्य आहे. विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांच्या १९९० च्या ‘द डिफरन्स इंजिन’ या कादंबरीत चार्ल्स बॅबेजचे अपुरे राहिलेले गणनयंत्र खरोखर चालू होते आणि इतिहासाची दिशा बदलते. पुढे ही कल्पना पुस्तकांतून अंगावर आली. चामड्याचे पट्टे, गॉगल, उंच टोप्या घालून लोक मेळाव्यांना जमू लागले. इंग्लंडमधल्या लिंकन गावी २००९ पासून असा मोठा मेळावा भरतो. प्रोफेसरला तयार प्रेक्षक मिळाला तो अशा ठिकाणी. त्याच्या २०१० च्या अल्बमचे नाव ‘दि इनडिफरन्स इंजिन’ आहे. बॅबेजला काढलेला हा चिमटा त्या गर्दीला समजावून सांगावा लागत नव्हता.

आता त्याच्या कामाकडे पाहू. टॉम कारुआना या निर्मात्याबरोबर केलेले ‘कप ऑफ ब्राऊन जॉय’ हे त्याचे गाजलेले गाणे म्हणजे चहाचे स्तोत्र आहे. रॅपर ज्या आवेशात पैसा, गाडी आणि दरारा यांच्या बढाया मारतो, त्याच आवेशात हा गृहस्थ चहाचे गुण गातो. गंमत आहे, पण ती एकदाच करता येते. दुसरे गाणे बिस्किटांवर आणि तिसरे छत्रीवर केले असते तर प्रोफेसर तिथेच संपला असता. नेमक्या त्याच सुमारास याच आडवाटेवर आणखी एक सभ्य गृहस्थ उभा होता : मिस्टर बी द जंटलमन ऱ्हायमर, म्हणजे जिम बर्क. हा बँजोलेले वाजवत, उच्चभ्रू इंग्रजी उच्चारांत रॅप करी. हे त्याचे पहिले सोंगही नव्हते. ‘कोलॅप्स्ड लंग’ या जुन्या रॅप मंडळींत तो होता. या प्रकाराला लोकांनी ‘चॅप-हॉप’ असे नाव दिले आणि दोघांची तुलना सुरू झाली. २०१० मध्ये प्रोफेसरने ‘फायटिंग ट्राउझर्स’ काढले. रोख उघड मिस्टर बीवर होता. त्यात बंदुका नाहीत, आई-बहिणीचा उद्धार नाही. प्रतिस्पर्ध्याच्या ट्वीडच्या कापडाला नावे ठेवली आहेत आणि भांडणासाठी खास विजार चढवली आहे. चहाच्या गाण्यात प्रोफेसर एक मजेदार चित्र होता, या गाण्यात तो पात्र झाला. त्याला मानापमान आला, मत्सर आला, जिंकायची हाव आली. त्यानंतर त्याचे पुढचे गाणे कशावर असेल, यापेक्षा मिस्टर बी काय उत्तर देईल याची लोक वाट पाहू लागले. पुढे दोघे एका गाण्यात समोरासमोर आले, तेव्हा ती बारी रंगणार हे ठरलेलेच होते.

बारी हा शब्द मुद्दाम वापरला. सिंधुदुर्गातून आलेली माणसे ठाणे, कल्याण, डोंबिवलीत स्थिरावली तेव्हा गणपती, शिमगा आणि मालवणी मसाला यांच्याबरोबर त्यांनी डबलबारी आणली. रंगमंचावर दोन मंडळे समोरासमोर बसतात. मध्ये पेटी घेऊन बुवा, बाजूला पखवाज, मागे झांजा आणि कोरस धरणारी मंडळी. पहिला बुवा रूपावळी, अभंग, गौळण, गजर अशा पायऱ्या चढत जातो आणि जाता जाता समोरच्याला एखादा सवाल टाकून, एखादा टोमणा मारून ठेवतो. दुसऱ्या बुवाने आपल्या बारीत त्याचा समाचार घ्यायचा. चाली कधी परंपरेतल्या, कधी परवाच गाजलेल्या सिनेमाच्या. समोरच्याचा आवाज, त्याची पेटी, त्याचा पाठांतराचा घोटाळा, अगदी त्याचा कुडतासुद्धा विनोदातून सुटत नाही, आणि हे सगळे विठ्ठलाच्या साक्षीने चालते. रत्नागिरीकडच्या शक्ती-तुऱ्याच्या नाचातही तोच बाज आहे. गण-गौळण झाली की शाहीर एकमेकांना पुराणातली कोडी घालतात, आणि उत्तर चुकले तर पुढच्या फेरीत सव्याज परतफेड होते. या सामन्यांची पोस्टरे नीट पाहिली तर कार्यक्रम कुणाचा, हे नाव मोठे नसते. कोण विरुद्ध कोण, हे मोठे असते. एकच बुवा वर्षानुवर्षे ऐकणारे श्रोते दर वेळी नव्या ओढीने येतात, कारण समोरचा बुवा बदललेला असतो आणि त्याबरोबर आपल्या बुवाचा विनोदही बदलावा लागतो. प्रोफेसरला मिस्टर बीने दिले ते हेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हे भांडण लुटुपुटूचे होते, दोघांनी मिळून केलेली जाहिरात होती, मग त्याला प्रतिस्पर्धा कशी म्हणायची? लुटुपुटूचे होते हे खरेच. पण बारी संपल्यावर दोन्ही बुवा एकाच पंगतीला जेवायला बसतात, म्हणून बारी खोटी ठरत नाही. वैर नाटकी असले तरी परीक्षा नाटकी नसते. समोरच्याच्या ओळीला त्याच्याहून सरस ओळ सापडली की नाही, हे प्रेक्षकाला ऐकता ऐकता कळते आणि तिथे वशिला चालत नाही. उलट खऱ्या वैराने विनोद आटतो. खरोखर चिडलेला माणूस ट्वीडच्या कापडावर बोलत नाही.

दुसरा आक्षेप जड आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. हिप-हॉप हे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या गरीब काळ्या वस्त्यांनी उभे केले. ११ ऑगस्ट १९७३ ला डीजे कूल हर्कने वाजवलेली पार्टी ही त्याची जन्मवेळ मानतात. त्या कलेचे एका गोऱ्या इंग्रजाने विडंबन करावे, हा उपहास नव्हे काय? काही चॅप-हॉप ऐकताना हा संशय मनात येतो, हे मान्य करायला हवे. काळ्या कलावंतांची गाणी खानदानी उच्चारांत म्हणून दाखवायची, एवढ्यावरच विनोद उभा असेल तर हसू नेमके कुणावर आहे हे स्पष्ट राहत नाही. पण प्रोफेसरचे बरेचसे काम या खड्ड्याच्या अलीकडे थांबते, कारण त्याचा विनोद रॅपवर नसून स्वतःवर आहे. शिवाय सामना ही काही त्याने बाहेरून आणलेली गोष्ट नाही. १९८१ मध्ये हार्लेममध्ये बिझी बी आणि कूल मो डी यांची गाठ पडली. बिझी बी हा गर्दीला हसवणारा, तिच्याकडून ओरडून घेणारा खेळिया. कूल मो डीने त्याच्यावर थेट, बांधीव यमकांचा असा मारा केला की रॅपरकडून काय अपेक्षा धरायची हेच बदलले. माझ्या मुद्द्याविरुद्ध हे उदाहरण कुणी देईल : बघा, सामन्यात विनोदी माणूस हरला! हरला तो विनोदामुळे नव्हे, तर समोरच्याला उद्देशून त्याच्याकडे काही तयार नव्हते म्हणून. नेहमीचे हशे त्या रात्री पुरले नाहीत. आपल्याकडेही सृष्टी तावडे हे नाव २०२२ मध्ये घराघरांत पोचले ते ‘हसल’ या रॅपच्या स्पर्धेतून. तिचा तिरकस विनोद आधीही तिच्याकडे असणार. त्याला धार आहे हे लोकांना दिसले, कारण शेजारी सौरभ अभ्यंकर म्हणजे ‘हंड्रेड आरबीएच’सारखे गंभीर, अमरावतीच्या मातीतले शब्द घेऊन आलेले गडी उभे होते.

मग वेशाचे काय? तो अगदीच बिनकामाचा का? डोंबिवलीकरांना हा प्रश्न विचारायला हरकत नाही, कारण सजून एकत्र येण्यात त्यांचा हात कोण धरील? १९९९ पासून गुढीपाडव्याला फडके रोडवर जी शोभायात्रा निघते तिच्यात नऊवारी, नथ, फेटे, बुलेट असा सगळा थाट असतो, आणि लिंकनच्या मेळाव्यासारखाच तोही हौसेने स्वतःच्या खर्चाने केलेला असतो. पण त्या थाटातून लोक फोटो घेऊन घरी जातात, गाणे घेऊन नाही. फेटा बांधलेल्या हजारो माणसांत कुणी कुणाला सवाल टाकत नाही. त्याच शहरातल्या नाट्यगृहात साधा सदरा घातलेला बुवा रात्री बाराला अख्खे सभागृह डोक्यावर घेतो. प्रोफेसरला दोन्ही मिळाले, मेळाव्यातली सजलेली गर्दी आणि प्रतिस्पर्धी, हे त्याचे नशीब म्हणा किंवा हुशारी. यातले एक काढून घ्यायचे झाले तर टोपी काढूनही तो रॅपर उरेल, असे मला वाटते.

आणि ती टोपी आपल्या भागात कुणाच्या डोक्यावर होती, हेही विसरून चालणार नाही. वाफेच्या युगाचे स्वप्न रंगवायला ठाण्याइतकी हक्काची जागा दुसरी नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन निघालेली गाडी इथेच येऊन थांबली, आणि १ मे १८५४ ला रूळ कल्याणला पोचले. पण पुढे बोरघाट फोडताना १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते आणि पटकीने त्यांतले किती गेले याचा हिशेब आजही वादातच आहे. विलायतेतला प्रोफेसर आपल्या पणजोबांची टोपी घालून स्वतःच्याच घराण्याची फजिती करतो. त्याचे चहाचे गाणे मळ्यातल्या मजुरापर्यंत जात नाही, ही त्याची मर्यादा आहे. कळव्याच्या किंवा कोळसेवाडीच्या एखाद्या पोराने उद्या तीच टोपी चढवली तर ते सोंग नक्कल होईल, आणि नकलेला बारीत मार बसतो. त्याच्यासाठी सोंग इथेच पडलेले आहे. धूर ओकत, शिट्टी घालत आलेल्या या यंत्राला त्या काळच्या लोकांनी ‘चाक्या म्हसोबा’ ठरवल्याची आठवण प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहून ठेवली आहे. शेंदूर फासलेले, कोळसा खाणारे, नवस न फेडणाऱ्याला उशिरा पोचवणारे दैवत! तो एका बाजूला, समोर सोला टोपीतला इंजिनियर साहेब, आणि दोघांचा वाद पारसिकचा बोगदा नेमका कुणी फोडला यावर. पखवाज कुणाचाही चालेल. साहेबाच्या बाजूने गाणारा मात्र चिवट हवा, कारण कल्याणचा श्रोता त्याला सहजासहजी टाळी देणार नाही.

(पुढील भागात : प्रल्हाद शिंदे आणि कव्वालीचा सामना)