आत्महत्या-जोखीम मूल्यमापन आणि सुरक्षा आराखडा

आत्महत्या-जोखीम मूल्यमापन म्हणजे आत्महत्येचे विचार मनात येत असलेल्या व्यक्तीची मानसिक अवस्था, तिच्यावरील ताण आणि तिला असलेले आधार प्रशिक्षित तज्ज्ञाने संवादातून समजून घेण्याची प्रक्रिया होय. या संवादाच्या आधारे व्यक्ती व तज्ज्ञ मिळून संकटाच्या वेळी करावयाच्या गोष्टींची जी लेखी योजना तयार करतात, तिला सुरक्षा आराखडा म्हणतात. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका, वैद्यकीय समाजसेवक आणि प्रशिक्षित समुपदेशक ही सेवा देतात.

मूल्यमापनाचे स्वरूप

मूल्यमापनात आत्महत्येविषयी थेट आणि शांतपणे विचारले जाते. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज समाजात रूढ आहे. परंतु २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात या समजाला आधार मिळाला नाही. उलट, जे कोणाजवळ बोलता येत नव्हते ते बोलता आल्याने अनेकांना हायसे वाटते.

मरण यावे असे वाटते का, स्वतःचा जीव घेण्याचा विचार येतो का, त्याविषयी काही ठरवले आहे का आणि पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का, या क्रमाने प्रश्न विचारले जातात. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात केली पोस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली प्रश्नावली याच क्रमावर आधारलेली असून ती अनेक देशांत वापरली जाते. त्याआधी १९७० च्या दशकात ॲरन बेक यांनी निराशा आणि आत्महत्येचे विचार मोजण्याच्या श्रेणी तयार केल्या होत्या. नैराश्य, व्यसन, दीर्घ आजार, कर्ज, अलीकडील वियोग आणि घरातील हिंसा यांचीही नोंद घेतली जाते. त्याचबरोबर जगण्याशी बांधून ठेवणाऱ्या गोष्टी, म्हणजे मुले, मित्र, श्रद्धा किंवा अपुरे राहिलेले काम, यांचीही चौकशी होते.

सुरक्षा आराखडा

पूर्वी रुग्णाकडून ‘मी जिवाचे बरेवाईट करणार नाही’ असे वचन लिहून घेण्याची पद्धत होती. तिच्या उपयुक्ततेचा पुरावा मिळाला नाही. काय करायचे नाही हे त्या वचनात असे; काय करायचे हे मात्र नसे. ही उणीव ओळखून बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सुरक्षा आराखड्याची पद्धत विकसित केली. २००८ मध्ये तेथील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेसाठी तिची पुस्तिका तयार झाली. आत्महत्येची तीव्र ऊर्मी बहुधा लाटेसारखी चढते व ओसरते. ती ओसरेपर्यंतचा काळ सुरक्षितपणे पार पडावा, हा आराखड्याचा हेतू आहे. त्याच्या सहा पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. संकटाची चाहूल देणारी स्वतःची लक्षणे, उदा., रात्र रात्र झोप न लागणे, आपण घरच्यांना ओझे झालो आहोत असे वाटणे.
२. एकट्याला करता येण्याजोग्या मन वळवणाऱ्या गोष्टी, उदा., फेरफटका, संगीत, बागकाम.
३. मन रमेल अशी माणसे व ठिकाणे, उदा., वाचनालय, भजनी मंडळ, मित्राचे घर.
४. ज्यांच्याजवळ मन मोकळे करून मदत मागता येईल असे आप्त.
५. तज्ज्ञ, रुग्णालये व मदतवाहिन्या यांचे संपर्क क्रमांक.
६. परिसर सुरक्षित करणे, उदा., कीटकनाशके व औषधांचा साठा घराबाहेर किंवा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवणे.

आराखडा व्यक्तीच्याच शब्दांत लिहिला जातो. एका पायरीने बरे वाटले नाही तर पुढची गाठायची; धोका निकट असल्यास मात्र थेट पाचव्या पायरीकडे वळायचे, असा संकेत आहे.

परिणामकारकता

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या नऊ रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण १,६४० रुग्ण होते. आराखडा आणि त्यानंतर दूरध्वनीवरून विचारपूस, अशी दोन्हींची जोड मिळालेल्यांमध्ये पुढील सहा महिन्यांत आत्मघाती वर्तनाचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील केंद्रांत केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, प्रयत्नातून वाचलेल्यांशी अठरा महिने ठेवलेल्या नियमित संपर्काने मृत्यू घटल्याचे दिसले.

मर्यादा

कोणती व्यक्ती आत्महत्या करील याचे भाकीत कोणत्याही प्रश्नावलीला खात्रीने करता येत नाही. पन्नास वर्षांतील संशोधनाच्या २०१७ मधील आढाव्यात अशा भाकितांची अचूकता योगायोगापेक्षा थोडीच अधिक आढळली. म्हणून ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये रुग्णांची ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ जोखीम अशी वर्गवारी करू नये आणि अशा वर्गवारीवरून कोणाला उपचार द्यायचे हे ठरवू नये, अशी शिफारस केली. ‘कमी जोखीम’ असा शेरा मिळालेली व्यक्ती मदतीवाचून परत जाणे, हा या वर्गवारीचा सर्वांत मोठा धोका आहे. त्यामुळे मूल्यमापनाचा भर आता भाकितावरून त्या व्यक्तीच्या गरजांवर आला आहे.

भारतातील स्थिती

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील असून ही संख्या राज्यांमध्ये सर्वाधिक होती. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. पोलिसी चौकशीच्या भीतीने अनेक कुटुंबे तो लपवीत आणि वाचलेली व्यक्ती तज्ज्ञापर्यंत पोहोचत नसे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन पुरवणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ नाही. मात्र लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न कलम २२६ खाली दंडनीय आहे.

महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये असून जिल्हा रुग्णालयांतही मानसिक आरोग्य सेवा मिळते. शेतकऱ्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून कार्यरत आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, समुपदेशकाशी बोलता येते. जिवाला तत्काळ धोका असल्यास त्या व्यक्तीला एकटे न सोडता जवळच्या रुग्णालयात न्यावे किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागावी.