दिल्लीचा आरोग्यमंत्री आणि आपला दवाखाना

दवाखान्यात डॉक्टर भेटला नाही, औषध मिळाले नाही, की आपण दिल्लीच्या नावाने बोटे मोडतो. हा राग खोटा नव्हे. परंतु पुष्कळदा तो चुकीच्या दारावर आदळतो. केंद्रीय आरोग्यमंत्र्याच्या हाती काय असते व काय नसते, हे म्हणूनच नागरिकाने समजून घ्यावे.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हे विषय राज्यांकडे सोपविले आहेत. पिंपळनेरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर नेमण्याचे काम दिल्लीच्या मंत्र्याचे नव्हे. मग त्याच्याकडे उरते काय? पुष्कळ उरते. साथ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू नये, औषधे शुद्ध मिळावीत, वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा राहावा, यांसाठी केंद्राला कायदे करता येतात. आपल्या धुळे जिल्ह्याला गुजरात व मध्य प्रदेश या दोहोंच्या सीमा लागतात. रोग काही नाक्यावर थांबत नाही!

दुसरे काम संस्था व मोहिमा उभारण्याचे. पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या कारकिर्दीत 1953 साली हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि 1956 साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा कायदा झाला. तिसरे काम पैसा व मापदंड देण्याचे. सपाटीवर 30,000 वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगराळ व आदिवासी भागात 20,000 ला एक, हे माप देशासाठी ठरलेले आहे.

आपल्या भागातलेच उदाहरण घ्या. भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव चारात एक असतो. 1 जुलै 2023 रोजी केंद्राने याविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट. उद्दिष्ट दिल्लीने ठरविले खरे; पण पाड्यावरच्या पोराच्या बोटातून रक्ताचा थेंब घेणारा हात राज्याच्या आरोग्ययंत्रणेचा असतो. तो हात पोहोचला नाही, तर दिल्लीची मोहीम कागदावरच राहते.

तेव्हा निधी, कायदा व धोरण यांचा जाब खासदारामार्फत दिल्लीला विचारावा. रिकाम्या खुर्चीचा जाब राज्याला व जिल्हा परिषदेला विचारावा. प्रश्न योग्य दारी गेला, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटका करून घेण्याची सोय उरत नाही.