तारा आधी की ऑपरेशन आधी?

“आधी तारा लावून बघू, नाहीच जमलं तर पुढे ऑपरेशन आहेच.” मुलाचा खालचा जबडा पुढे आलेला दिसला की मस्कतच्या अल खौद भागातल्या मराठी घरांतही असंच ठरतं. ऐकायला हे सावधपणाचं वाटतं, पण जबड्याच्या व्यंगात सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं.

दात ही एक गोष्ट आणि ते ज्यात रोवलेले असतात तो जबडा ही दुसरी. तारांनी दात सरकतात, कलतात, वळतात. वाढ पूर्ण झालेल्या माणसाचा जबडा मात्र तारांनी पुढे-मागे होत नाही. आता शरीर काय करतं ते पाहा. खालचा जबडा पुढे वाढत गेला की ओठ आणि जिभेच्या दाबाने खालचे पुढचे दात आत झुकतात, वरचे बाहेर कलतात. त्यामुळे हाडातली तफावत मोठी असली तरी दातांत ती कमी दिसते. नुसत्या तारांनी चावा जुळवायचा तर हे झुकणं आणखी वाढवावं लागतं. शस्त्रक्रिया करायची असेल तर नेमकं उलट करावं लागतं, म्हणजे दात आपापल्या हाडावर सरळ उभे करावे लागतात. आधी एक आणि मग दुसरं करायचं म्हटलं की दोन वर्षांचं काम उसवण्यापासून सुरुवात होते.

खालचा जबडा मागे आणि वरचे दात पुढे असतील तर प्रश्न आणखी बिकट. तारांवरच भागवायचं असेल तर बऱ्याचदा वरच्या जबड्यातल्या दोन उपदाढा काढतात. शस्त्रक्रियेच्या तयारीत दात काढावेच लागले तर ते बहुधा खालचे असतात. काढलेला दात परत उगवत नाही. म्हणून पहिली तार बसण्याआधीच तारा लावणारे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि जबड्याचे सर्जन या दोघांनी एकत्र बसून आराखडा ठरवायला हवा. तफावत थोडी असेल तर नुसत्या तारांनीही उत्तम काम होतं, आणि तेही याच बैठकीत कळतं.

आराखडा ठरला, तयारीच्या तारा लागल्या, की आठ-दहा महिन्यांत घरचे घाबरतात. “तारांनी तोंड आणखीच बिघडलं!” दिसायला खरंच बिघडलेलं असतं. दात सरळ उभे राहिले की झाकलेली तफावत उघडी पडते आणि हनुवटी आधीपेक्षा पुढे वाटते. पण जबडा जितका सरकवायचा आहे तेवढी जागा सर्जनला अशीच मिळते. ही तयारी साधारण वर्ष-दीड वर्ष चालते आणि नेमक्या याच टप्प्यावर काही जण उपचार सोडून देतात. हे कोणी आधी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया आधी आणि तारांचं काम नंतर असंही आता करतात, पण ते प्रत्येकाला चालत नाही.

शस्त्रक्रियेची भीती वेगळीच. चेहरा कापतील, व्रण राहील, तोंड दीड महिना तारांनी बांधून ठेवतील. प्रत्यक्षात चिरा बहुतेक वेळा तोंडाच्या आतच, गालाच्या आतल्या बाजूने आणि हिरडीच्या वर घेतात. झुरिकचे ह्यूगो ओबवेगेझर यांनी १९५०च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत खालचं हाड दाढांच्या मागे आतला आणि बाहेरचा अशा दोन थरांत उभं विभागतात. मग काडेपेटीचा कप्पा सरकवावा तसा दातांचा भाग पुढे किंवा मागे घेतात. आधीच बनवलेल्या ॲक्रिलिकच्या पातळ साच्यात वरचे-खालचे दात बसवून जागा पक्की करतात आणि टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या व स्क्रूंनी हाड जखडतात. या पट्ट्यांमुळे तोंड आठवडेच्या आठवडे बांधून ठेवायची गरज आता क्वचितच पडते. दात जुळवून धरायला रबर मात्र लावतात.

पण त्रास होत नाही असं सांगणंही चूक. खालच्या जबड्याच्या हाडातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत परतते, काहींच्या ओठाचा थोडा भाग कायमचा बधिर राहतो. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असते. पहिले काही दिवस मुगाचं कढण, नाचणीची आंबील, मग मऊ खिमटी. कडक काही चावणं साधारण सहा आठवडे बंद.

वयाबाबत दोन टोकांच्या समजुती आहेत. एक, लवकर उरकून टाकू. पण खालचा जबडा वाढत असताना शस्त्रक्रिया केली तर तो पुन्हा पुढे जाऊ शकतो. म्हणून काही महिन्यांच्या अंतराने डोक्याचे बाजूने एक्सरे काढून वाढ थांबल्याची खात्री करतात. मुलींत ती साधारण सोळा-सतराव्या वर्षी थांबते, मुलग्यांत अठरानंतर किंवा त्याहून उशिरा. दुसरी समजूत, अठरा होईपर्यंत काहीच करायचं नाही. पण वरचा जबडा मागे राहिलेल्या मुलाला साधारण सात ते दहा वर्षांच्या दरम्यान, जबडा पुढे ओढणाऱ्या फेसमास्कने पुष्कळ फायदा होऊ शकतो, पुढे तो तितका मिळत नाही. म्हणून सातव्या वर्षी एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवून घ्यावं.

“हे सगळं दिसण्यासाठीच ना?” नुसतं तेवढ्यासाठी नाही. पुढचे दात एकमेकांना टेकतच नसतील तर पोळीचा घास बाजूच्या दातांनी तोडावा लागतो. जबडा फार मागे असेल तर झोपेत श्वास अडू शकतो.

अल खौदच्या कुटुंबांची अडचण निराळी. सुलतान काबूस विद्यापीठाचं रुग्णालय गावातच असलं तरी परदेशी कुटुंबांच्या तारा बहुधा खासगी दवाखान्यात लागतात आणि शस्त्रक्रियेसाठी सुट्टीत मुंबई-पुणे गाठायचं ठरतं. असं करता येतं, पण मग मस्कतचे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि तिकडचे सर्जन यांचं पहिल्या तारेआधी बोलणं झालेलं हवं. एक्सरे, सीटीची मूळ फाइल, दातांचे साचे आणि लेखी आराखडा सोबत असावा. विम्यात तारा आणि शस्त्रक्रिया दोन्ही बसतात का, हे कंपनीकडून लेखी घ्यावं. वरचा जबडा हलवला असेल तर काही आठवडे नाक शिंकरायचं नसतं आणि परतीचं विमान सर्जनला विचारूनच ठरवायचं. शस्त्रक्रियेनंतरही तारांचं काम सहा ते बारा महिने चालतं. ते मस्कतमध्ये कोण करणार, हे मुंबईचं तिकीट काढण्याआधी ठरलेलं असावं.