शिक्षक-प्रशिक्षणासाठी वाचनसामग्रीची निवड

शिक्षक-प्रशिक्षण म्हटले की अध्यापनपद्धती, पाठटाचण व मूल्यमापन यांचाच विचार प्रामुख्याने होतो. परंतु वर्गातील मूल कोणत्या वस्तीतून येते, त्याच्या घरची बोली कोणती, शाळेविषयी त्याच्या समाजाची स्मृती कशी आहे, हे शिक्षकास ठाऊक नसेल तर उत्तम पाठटाचणही निष्फळ ठरते. हे जाणून घेऊन स्वतःचे वर्तन सुधारण्याची क्षमता, म्हणजेच सांस्कृतिक सक्षमता होय. ती अंगी बाणविण्यासाठी साहित्य कसे निवडावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

पहिली कसोटी अशी की, साहित्यात त्या समाजाचा स्वतःचा आवाज असावा. जोतीराव फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980) व लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (1987) भटक्या-विमुक्तांचे जगणे आतून सांगतात. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ संस्कृत शिकणाऱ्या दलित स्त्रीस आलेले अनुभव मांडते. इतरांनी लिहिलेल्या माहितीपत्रकास ही सर येणार नाही.

दुसरी कसोटी : वाचन केवळ करुणा जागवून थांबू नये, त्याने शिक्षकास स्वतःच्या वर्गाकडे पाहावयास लावावे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी शाळेतील गोणपाटाची हकिकत सांगितली आहे. त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात बसण्यासाठी वेगळे गोणपाट लागे. शाळा झाडणारा नोकरही त्यास शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे व परत आणावे लागे. हा उतारा वाचून प्रश्न विचारावा : आज आपल्या वर्गात कोपऱ्यात कोण बसते? झाडण्याचे काम कोणास सांगितले जाते? शिष्यवृत्तीच्या यादीसाठी भर वर्गात मुलांना जात विचारून उभे केले जाते काय? हेतू वाईट नसला तरी मुलाच्या मनावरचा घाव तोच असतो.

तिसरी कसोटी कायद्याची. समतेचे वर्तन ही शिक्षकाची मेहेरबानी नव्हे. संविधानाची कलमे 15 व 17, तसेच 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई करणारे कलम 17, ही मूळ शब्दांत वाचावयास दिली पाहिजेत.

चौथी कसोटी संतुलनाची. आदिवासी म्हणजे केवळ नृत्य व पोशाख, आणि दलित म्हणजे केवळ यातना, असे चित्र रंगविणारे साहित्य बाजूस सारावे. संघर्ष, विद्वत्ता, विनोद व आजचे जीवन हेही त्यात यावे.

निवडलेले साहित्य वाटून देणे पुरेसे नाही. एक उतारा, त्यावर चर्चा, वर्तनातील एका बदलाचा निश्चय व महिन्याभराने त्याची तपासणी, असा क्रम असावा. मात्र चर्चेत एखाद्या दलित सहकाऱ्यासच स्वतःची व्यथा सांगण्याचा आग्रह करू नये. तो त्याच्या इच्छेचा प्रश्न आहे.

7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमरावांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला. 2017 पासून महाराष्ट्रात हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मुलांकडून भाषणे करवून घेतली जातात. शिक्षकांनीही गोणपाटाचा तो उतारा एकत्र बसून वाचावा, असे आम्हांस वाटते.