पेशींचा उपवास, तुमचा नव्हे!

‘सोळा तास उपाशी राहा, ऑटोफॅजी सुरू होते, इम्युनिटी वाढते...’ हा फंडा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तुम्हीही ऐकला असेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. आणि उरलेलं अर्धं महागात पडू शकतं.

माझ्या एका मैत्रिणीनं ब्रेकफास्ट सोडला. आधी सोळा तासांचं फास्टिंग, मग अठरा तासांचं. दुपारी डब्यातली एक पोळी, रात्री नुसतं सॅलड. ‘अगं, पेशी स्वतःच स्वतःचा कचरा खातात. मी आता आजारी पडणारच नाही,’ ती ठासून सांगायची. चार महिन्यांत वजन आठ किलोंनी उतरलं. ऑफिसात सगळे ‘सही दिसतेयस’ म्हणायला लागले. मग खोकला सुरू झाला. एसीमुळे असेल, असं म्हणत तिनं तीन आठवडे काढले. शेवटी थुंकीची तपासणी झाली. रिपोर्ट आला, टीबी!

फास्टिंगमुळे टीबी झाला, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. वजन डाएटमुळे उतरलं की आजारामुळे, हेही आता सांगता येणार नाही. पण गंमत बघा, ज्या ऑटोफॅजीच्या भरवशावर ती होती, तिचा टीबीशी खरोखरच जवळचा संबंध आहे.

घरातला भंगारवाला

ऑटोफॅजी म्हणजे पेशीनं स्वतःलाच थोडं थोडं खाणं. ऐकायला भयंकर वाटतं, पण काम आपल्या भंगारवाल्याचं. पेशीत मोडकी प्रथिनं आणि बिघडलेले भाग साठत राहतात. त्यांच्याभोवती दुहेरी पडद्याची एक पिशवी तयार होते. ती लायसोसोम नावाच्या कप्प्याला जाऊन मिळते. तिथल्या पाचक रसांत सगळ्याचा चुरा होतो आणि त्यातून निघालेला माल पेशी पुन्हा वापरते. कचराही गेला आणि काटकसरही झाली!

‘ऑटोफॅजी’ हा शब्द ख्रिस्तियान द दूव या बेल्जियन शास्त्रज्ञानं १९६३ मध्ये रूढ केला. पण या भंगारवाल्याचा पत्ता शोधला तो जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी. पावात घालतात त्या यीस्टला त्यांनी उपाशी ठेवलं आणि मायक्रोस्कोपखाली पाहिलं. पेशीच्या कप्प्यात पुड्यांसारखे गोल गोळे भराभर जमत होते. मग हे काम चालवणारी जनुकं त्यांनी एकेक करून हुडकून काढली. २०१६ मध्ये त्यांना एकट्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणजे पेशीची उपासमार झाली की ऑटोफॅजी वाढते, हे शंभर टक्के खरं. फास्टिंगचा फंडा इथूनच आला.

शत्रू पोटात, तरी जिवंत

आता टीबीकडे येऊ. जंतू फुप्फुसात शिरला की मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. गिळलेला जंतू लायसोसोमकडे जावा आणि संपावा, हा नियम. पण टीबीचा जंतू महाबिलंदर. तो ज्या कप्प्यात असतो, त्याची लायसोसोमशी गाठच पडू देत नाही. ज्या पेशीनं गिळलं, तिच्याच पोटात बिऱ्हाड थाटून बसतो!

२००४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या व्होयो डेरेटिक यांच्या टीमनं अशा मॅक्रोफेजना उपाशी ठेवलं. ऑटोफॅजी सुरू झाली, लायसोसोमशी अडलेली भेट घडली आणि जंतू मरायला लागले. त्याच वर्षी जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की घसादुखीचा स्ट्रेप्टोकोकस पेशीत घुसला, तर ऑटोफॅजी त्यालाही पिशवीत कोंबते. भंगारवाला फावल्या वेळात वॉचमनची ड्युटीही करतो, हे तेव्हा कळलं.

कसं? पेशीत मोकाट फिरणाऱ्या जंतूवर युबिक्विटिन नावाच्या प्रथिनाची लेबलं चिकटतात. ‘हा आपला नाही, उचला!’ मग पिशवी येते. ऑटोफॅजीत झालेल्या चुऱ्याचे नमुने टी-पेशींनाही दाखवले जातात, म्हणजे त्यांना शत्रूचा चेहरा कळतो. शिवाय बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया उचलून ती विनाकारण भडकणारी सूजही आटोक्यात ठेवते.

मात्र जंतू गप्प बसत नाहीत. अनेकांनी पिशवी चुकवण्याच्या युक्त्या शोधल्यात. २०१५ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात ऑटोफॅजीची काही महत्त्वाची जनुकं काढून टाकली, तरी टीबी फारसा बळावला नाही. सगळे चक्रावले. मग २०२३ मध्ये माणसाच्या मॅक्रोफेजवरच्या प्रयोगांत दिसलं की काही ऑटोफॅजी जनुकं काढली, तर जंतू जोमानं वाढतो. थोडक्यात, मॅच अजून चालू आहे.

ताटलीतला उपवास, ताटातला उपवास

आता खरी मेख. २००४ चा तो उपवास काचेच्या ताटलीतल्या पेशींचा होता, तोही काही तासांचा. तुमचं-आमचं शरीर म्हणजे ताटली नव्हे. आपण रोज अर्धपोटी राहिलो, तर वॉचमन तगडा होत नाही, उलट त्याचाच पगार कापला जातो. कुपोषणात संरक्षक पेशी कमी होतात, नीट कामही करत नाहीत. टीबीला हेच हवं असतं.

याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे. झारखंडमध्ये ‘रेशन्स’ या अभ्यासात टीबी रुग्णांच्या घरच्यांना दर महिन्याला जादा धान्य, डाळ आणि सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निकाल आला. या घरांमध्ये नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. संसर्ग पसरवणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीत तर ४८ टक्के घट! कुठलं हायफाय औषध नाही, साधा डाळ-भात.

जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी साधारण एक भारतात असतो. लोकलची गर्दी, बंद खिडक्यांची ऑफिसं, चार जणांत एक खोली, हे सगळं आपण रोज जगतो. त्यामुळे ‘टीबी आपल्याला कसा होईल?’ हा प्रश्नच चुकीचा आहे.

मैत्रिणीनं सहा महिने गोळ्या घेतल्या, एकही डोस न चुकवता. आज ती ठणठणीत आहे. सकाळी आठला पोहे, डब्यात दोन पोळ्या, उसळ आणि वर उकडलेलं अंडं. ‘ऑटोफॅजीचं काय?’ मी परवा चिडवलं. ती म्हणाली, ‘ती तिचं काम करतेय. मी माझं करते.’

लक्षात ठेवा

- दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, न ठरवता उतरणारं वजन, यातलं काहीही असेल तर तपासणी करा. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.
- बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. अर्धवट कोर्समधून औषधांना न जुमानणारा टीबी तयार होऊ शकतो.
- वजन मुळातच कमी असेल, डायबिटीस असेल किंवा नुकतंच आजारपण झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फास्टिंग नको.