हरणांना न रुचणारी बाग

अंगणात चार फुलझाडे असावीत, ही हौस आपल्याकडे घरोघरी आढळते. परंतु सह्याद्रीच्या रानालगत असलेल्या गावांत, मग ती खानापूर तालुक्यातील असोत की गोव्यातील सत्तरी वा सांगे तालुक्यातील, ही हौस पुरी करणे सोपे नसते. सायंकाळी पाणी घालून जोपासलेली रोपे सकाळी शेंडे खुडलेली दिसतात. मग कोणी तारेचे कुंपण घालतो, कोणी कुत्रा पाळतो, तर क्वचित कोणी फासे लावण्याची भाषा करतो. या लेखात आम्ही एक निराळा मार्ग सांगणार आहोत. जी झाडे हरणे सहसा तोंडी लावत नाहीत, तीच निवडून लावावीत, हा तो मार्ग होय.

प्रथम चोर कोण, हे ओळखले पाहिजे. हरणाच्या वरच्या जबड्याला पुढचे दात नसतात. तेथे केवळ कठीण हिरडी असते. त्यामुळे ते पान कापीत नाही, धरून ओढते, आणि देठाचे टोक फाटल्यासारखे राहते. सशाने खाल्लेले देठ मात्र चाकूने कापल्यासारखे दिसते. खाल्लेल्या शेंड्याची उंचीही पाहावी. भेकर खांद्यापर्यंत सुमारे दोन फूट, चितळ सुमारे तीन फूट, तर सांबर चार ते पाच फूट उंच असते. मान वर करून ते याहूनही उंच पोहोचते.

आता हरणे बागेत येतात कशासाठी? मार्च ते मे या काळात रानातील गवत वाळते, ओढे आटतात. अशा वेळी ज्या अंगणात रोज पाणी पडते, तेथेच कोवळी, रसाळ पालवी असते. म्हणजे आपण घातलेले पाणीच त्यांना आमंत्रण देते. यावरून निवडीचा पहिला नियम निघतो: ज्या झाडाला उन्हाळ्यात थोडे पाणी पुरते, तेच लावावे. उन्हात सावकाश वाढणाऱ्या झाडाला गेलेले पान पुन्हा आणणे महाग पडते. म्हणून अशी झाडे बहुधा आपल्या पानांचे रक्षण काटे, चीक, कडू रस किंवा उग्र तेल यांनी करतात. उन्हाला तोंड देणे आणि हरणाला दूर ठेवणे, असे दोन्ही गुण पुष्कळदा एकाच झाडात सापडतात ते यामुळेच.

उग्र तेलाचा परिणाम कसा होतो, हे जाणण्यासारखे आहे. हरिण गाईप्रमाणे रवंथ करणारे आहे. त्याच्या पोटातील असंख्य सूक्ष्म जीव चारा कुजवून पचवण्यास मदत करतात. काही वनस्पतींतील सुगंधी तेले या सूक्ष्म जीवांना मारक ठरतात. म्हणून आपल्याला जो वास सुखकर वाटतो, तोच हरणाला नकोसा होतो.

आता झाडांची नावे घेऊ. सुगंधी वनस्पतींत गवती चहा, तुळस व ओवा ही घरात उपयोगी पडणारी झाडे वाफ्याच्या कडेने लावावीत. निरगुडीच्या पाल्यालाही उग्र वास असतो, आणि तिची निळसर फुले शोभाही देतात. अडुळशाचे तर नावच बोलके आहे. लिनीयस या शास्त्रज्ञाने १७५३ साली त्याला दिलेल्या नावात 'अढाटोडा' हा शब्द आहे. तो दक्षिणेतील भाषांतून आला असून त्याचा अर्थ 'शेळी ज्याला शिवत नाही ते' असा सांगतात. शेळी जे सोडते, ते हरिणही बहुधा सोडते. सदाफुलीची पाने कडू असतात. तिच्यातील कडू द्रव्यांपासूनच रक्ताच्या कर्करोगावरील औषध मिळाले. कोरफड व घायपात यांना पाणी जवळजवळ लागतच नाही. कुंपणासाठी करवंदासारखे झाड नाही. त्याला चीक आहे, काटे आहेत, शिवाय वैशाखात मुलांना फळेही मिळतात.

याउलट जास्वंद, गुलाब, रताळ्याचे वेल आणि पालेभाज्या म्हणजे हरणांना मांडलेले ताटच. त्या हव्याच असतील, तर घराच्या भिंतीलगत किंवा जाळीच्या आत लावाव्यात. बोगनवेलीचे काटे जुन्या फांदीचे रक्षण करतात, कोवळ्या शेंड्याचे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

दोन झाडांविषयी मात्र सावध करणे आम्हांस आवश्यक वाटते. कण्हेर उन्हात उत्तम फुलते आणि हरणे तिला टाळतात. परंतु तिचे पान, फूल, साल असे प्रत्येक अंग विषारी असून हृदयावर घातक परिणाम करते. जेथे लहान मुले खेळतात किंवा गुरे बांधली जातात, तेथे ती लावू नये. दुसरी घाणेरी. परदेशातून शोभेसाठी आणलेले हे झुडूप आज देशभरच्या रानांत माजले आहे. त्याच्या दाट जाळीखाली गवत उगवत नाही, आणि गवत गेले की हरणांचे अन्न जाते. बाग वाचवण्यासाठी घाणेरी लावणारा मनुष्य उद्याची भुकेली हरणे आपल्याच दारी आणतो.

कोणतेही झाड पूर्णपणे सुरक्षित नसते, हे मान्य केले पाहिजे. फार भुकेले हरिण कडू पानही खाते, आणि रोपवाटिकेतून आणलेले कोवळे रोप तर जातिवंत कडू असले तरी चाखून पाहते. म्हणून लागवड पावसाच्या आरंभी करावी, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत मुळे खोल जातात. पहिली दोन वर्षे रोपाभोवती बांबूची जाळी ठेवावी. एखाद्या झाडाविषयी शंका असेल, तर त्याची एकच कुंडी आठ दिवस कुंपणाबाहेर ठेवून पाहावे. विद्यार्थ्यांनी अशा निरीक्षणांची वही ठेवली, तर तिचा गावाला कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोग होईल.

फासा लावणे वा विष घालणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परंतु कायद्याचे भय नसते, तरीही फाशात तडफडणारे भेकर पाहून कोणत्या बागेचे फूल डोळ्यांना गोड वाटले असते? खानापूरजवळचे भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झाले, तेव्हाच ते रान आपले शेजारी आहे, हे आपण स्वीकारले. शेजाऱ्याला काय आवडते व काय आवडत नाही, हे जाणून वागणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. बाग लावतानाही तीच रीत पाळली, तर आपली फुलेही राहतील आणि रानातील हरणेही.