आमरसाची वाटी आणि पोटातला पाटकरी

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. वजन कमी करण्याचं बायपास ऑपरेशन होऊन त्यांना सात महिने झाले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेल्या, तर आईने खापरावरचे मांडे केलेले आणि सोबत आमरस. ‘अर्धा मांडा आणि वाटीभर रस, एवढंच खाल्लं,’ असं त्या लिहितात. वीसेक मिनिटांत दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, पोटात कळ आली. झोक्याशेजारच्या बाजेवर आडवं व्हावं लागलं. आई म्हणाली नजर लागली. ताईंना वाटलं, आतले टाके सुटले.

ताई, तुम्ही सांगताय ती लक्षणं ‘डंपिंग’ची आहेत. तुमच्या डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला, पण त्यामागचं विज्ञान समजायला आपल्या खानदेशातच एक सुंदर दाखला आहे.

साक्री तालुक्यात पांझरेकाठी फड बागायत आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि कोणत्या शेताला किती वेळ पाणी सोडायचं हे बघणारा पाटकरी. शेतकऱ्यांनीच शेकडो वर्षं चालवलेली ही व्यवस्था मला जगातल्या कोणत्याही मोठ्या धरणापेक्षा शहाणी वाटते. आपलं जठर म्हणजे असाच बंधारा. त्याच्या खालच्या तोंडाशी एक गोल स्नायू असतो, तो पाटकरी. खाल्लेलं तो थोडं थोडं करून आतड्यात सोडतो. बायपासमध्ये जठराची अंड्याएवढी पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. बंधारा बाजूला पडतो, पाटकऱ्याचं काम संपतं. मग आमरसाची गोडी एकदम आतड्यात उतरते आणि तिला पातळ करायला रक्तातलं पाणी तिकडे धावतं. घाम, धडधड, कळ ही त्याचीच. कधी कधी एक ते तीन तासांनी दुसरा झटका येतो. साखर पाहून शरीराने जास्तीचं इन्सुलिन सोडलेलं असतं, त्यामुळे रक्तातली साखर खाली जाते आणि हातपाय थरथरतात.

गंमत अशी, की ऑपरेशनचा गुणही ह्याच घाईत आहे. आतड्याच्या टोकाकडच्या ज्या शेवटच्या शेतांपर्यंत एरवी फारसं काही पोचत नव्हतं, तिथे अन्न लवकर पोचतं. आतड्याचा तो भाग जीएलपी-१ हे संप्रेरक सोडतो, भूक शमते, साखर आवरते. सध्या गाजणारी वजनाची इंजेक्शनं ह्याच संप्रेरकाची नक्कल करतात. वॉल्टर पोरीज ह्या अमेरिकी सर्जनने १९९५ साली आपल्या बायपासच्या रोग्यांची हकीकत छापली. त्यांच्यापैकी अनेकांचा मधुमेह वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत आटोक्यात आला होता.

दुसरं नेहमीचं ऑपरेशन स्लीव्हचं. त्यात जठराचा साधारण ८० टक्के भाग काढतात आणि उरते ती नळी केळ्याच्या आकाराची. जगभरचे सर्जन ही केळ्याचीच उपमा देतात, जळगावकरांनी सुखावून जावं! काढलेल्या भागात घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक तयार होतं. जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी ते १९९९ मध्ये शोधलं. म्हणून सुरुवातीला भूक लागतच नाही. पुढे अनेकांची ती परतते, आणि वजनही थोडं परततं.

माझी तक्रार आहे ती ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंच्या जाहिरातींबद्दल. तो ‘नंतर’चा फोटो वर्षभरात काढलेला असतो. बी-१२ जीवनसत्त्वाचा साठा मात्र यकृतात काही वर्षं पुरतो. तो संपतो तेव्हा मुंग्या येतात, तोल जातो, थकवा जात नाही, आणि तोवर फॉलोअप सुटलेला असतो.

इथे मला विल्यम कॅसल आठवतो. १९२०च्या दशकात बॉस्टनमध्ये ह्या तरुण डॉक्टरला प्रश्न पडला होता, की पर्निशिअस अॅनिमियाच्या, म्हणजे बी-१२ अंगी न लागल्याने होणाऱ्या रक्तक्षयाच्या रोग्यांना अन्नातलं नेमकं काय लागू पडत नाही? त्याने स्वतः ३०० ग्रॅम कच्चट मांस खाल्लं, तासाभराने ओकून बाहेर काढलं आणि आणखी पचवून नळीवाटे रोग्यांच्या पोटात घातलं. त्यांना पत्ताही नव्हता! नुसत्या मांसाने काहीच होत नव्हतं, ह्या मिश्रणाने मात्र काही दिवसांतच नव्या लाल पेशी वाढल्या. निरोगी जठर काहीतरी देतं, हे त्याने ओळखलं. त्याच्याशिवाय आतडं बी-१२ उचलूच शकत नाही. १९३४चं नोबेल ह्या आजारावर यकृत खाऊ घालण्याचा उपचार शोधणाऱ्या तिघांना मिळालं. कॅसलला ते कधीच मिळालं नाही, ह्याची मला आजही हळहळ वाटते.

ते ‘काहीतरी’ जठराच्या ज्या पेशी बनवतात, त्याच ह्या ऑपरेशनांत कापल्या किंवा बाजूला टाकल्या जातात. त्यात आपल्याकडचं शाकाहारी ताट, ज्यात बी-१२ मुळातच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाला पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांत बी-१२ कमी आढळलं होतं, तेही कसलंही ऑपरेशन न होता. म्हणून बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभराचं, आणि वर्षाला रक्ततपासणी. त्यासाठी नाशिक-मुंबई गाठायला नको, ती जळगाव-धुळ्यातही होते. पहिल्या काही महिन्यांत उलट्या थांबत नसतील तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बी-१ चा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो आणि तो संपला तर मेंदूला इजा होते.

केस गळताहेत, असंही ताईंनी लिहिलंय. वजन झपाट्याने उतरलं की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते गळतात आणि बहुतेकदा परत येतात, पण प्रथिनं पोटात जायला हवीत. दिवसाला किमान ६० ग्रॅम सांगतात. चार घासांत भरणाऱ्या पोटाला हे सोपं नाही. म्हणून पहिला घास घट्ट वरणाचा, पनीरचा किंवा अंड्याचा, सावकाश चावून. पाणी जेवणासोबत नाही, अर्ध्या तासाने. बट्टी आणि कळण्याची भाकरी शेवटी, जागा उरली तर.

सगळ्यात अवघड आहे वाढणारा हात. ‘अजून एक घे, माझी शपथ,’ म्हणणारी आई, मावशी, नणंद. ताई, पुढच्या आखाजीला ताट आईने नव्हे, तुम्ही स्वतः वाढून घ्या. लहान वाटी, लहान चमचा. आधी वरण संपवा, मग मांड्याचा एक तुकडा मोडा, आणि रस डॉक्टर सांगतील तेवढाच, चमच्याने.